रंगलेपांची पाठचिकित्सा

जुन्या हस्तलिखितांवर काम करणाऱ्या अभ्यासकापुढे जे प्रश्न उभे राहतात, त्यांच्याशी जवळचे नाते असलेले प्रश्न जुन्या तैलचित्राच्या अभ्यासकापुढेही उभे असतात. समोर दिसणाऱ्या पृष्ठभागापैकी मूळ कर्त्याचे किती आणि मागाहून आलेल्या हातांचे किती? कर्त्याने स्वतःच आपल्या पहिल्या बेतात फेरफार केला, की तो फेरफार दुसऱ्या कोणी शंभर वर्षांनी केला? आणि मागाहून घातलेला भाग वेगळा ओळखता आला, तर त्याचे पुढे काय करावयाचे? हे प्रश्न पाठचिकित्सेच्या परंपरेत शतकानुशतके विचारले गेले आहेत. चित्राच्या बाबतीत ते काटेकोरपणे विचारता येऊ लागले ते क्ष-किरणांचा शोध लागल्यानंतर. आणि गेल्या वीस वर्षांत संगणकाने चालणाऱ्या प्रतिमाविश्लेषणामुळे त्यांना नवे वळण लागले आहे. प्रस्तुत लेखात या वाटचालीचा इतिहास थोडक्यात सांगून तिच्यातून निघणाऱ्या एका पद्धतिविषयक प्रश्नाची चर्चा करावयाची आहे. लेखकाचा विषय भाषाशास्त्र आहे, चित्रकला नव्हे. तथापि ज्या प्रश्नाची येथे चर्चा आहे तो दोन्ही क्षेत्रांच्या सीमेवरचा आहे.

१. चित्रातील थर

युरोपातील पंधराव्या ते सतराव्या शतकांतील तैलचित्र म्हणजे एकावर एक दिलेल्या लेपांची रचना होय. सर्वांत खाली लाकडी फळी किंवा ताणलेले कापड असते. त्यावर खडू किंवा तत्सम द्रव्य सरसात अथवा तेलात कालवून अस्तर दिलेले असते. अस्तरावर चित्रकार कोळशाने, काळ्या शाईने किंवा पातळ रंगाने आराखडा काढतो. त्यास आपण पूर्वरेखन म्हणू. पूर्वरेखनावर छायाप्रकाश ठरविणारा पहिला लेप, त्यावर मुख्य रंग, त्यावर पारदर्शक रंगांचे पातळ पापुद्रे आणि शेवटी रोगण, असा हा क्रम असतो. प्रत्येक चित्रात सर्व थर असतातच असे नाही. काही थर मिलिमीटरच्या शंभराव्या हिश्श्याहूनही पातळ असतात.

चित्र पूर्ण झाल्यावरही थर चढणे थांबत नाही. रोगण पिवळे पडते, धूळ आणि धूर साठतो, रंगाचे पोपडे उडतात. मग कोणी जीर्णोद्धारक ती जागा भरून काढतो आणि पुष्कळदा शेजारच्या शाबूत भागावरूनही कुंचला फिरवितो. केव्हा मालकाची रुची बदलते आणि एखादी आकृती झाकली जाते. अशा मागाहून दिलेल्या रंगाला आपण उपरिलेप म्हणू. ग्रंथात जे स्थान प्रक्षेपाचे, तेच चित्रात उपरिलेपाचे. कर्त्याने स्वतः केलेला बदल आणि परक्या हाताचा उपरिलेप यांत भेद करणे हे चित्रपरीक्षेचे पहिले काम होय.

हा भेद नुसत्या डोळ्यांनी करणे कठीण असते. पूर्वी एकच खात्रीचा मार्ग होता : शस्त्राने रंगाचा सूक्ष्म कण काढावयाचा, तो पारदर्शक राळेत बसवून घासावयाचा आणि त्याचा छेद सूक्ष्मदर्शकाखाली पाहावयाचा. छेदात थरांचा क्रम स्पष्ट दिसतो. हा मार्ग आजही वापरात आहे आणि त्याचे महत्त्व पुढे दिसेलच. परंतु तो चित्राच्या एका बिंदूविषयीच बोलतो आणि त्या बिंदूपुरते चित्र नष्ट करतो.

२. क्ष-किरण आणि अवरक्त किरण

विल्हेल्म राँटगेन याने १८९५ च्या नोव्हेंबरात क्ष-किरणांचा शोध लावला आणि पुढच्याच वर्षी जर्मनीत चित्रांवर त्यांचा प्रयोग झाला. चित्राच्या एका बाजूने किरण सोडावयाचे आणि दुसऱ्या बाजूस फिल्म ठेवावयाची, ही रीत. शिसे जड असल्यामुळे किरण अडविते. युरोपीय चित्रकारांचा नित्याचा पांढरा रंग शिशापासून केलेला सफेदा असल्यामुळे, जेथे सफेदा जाड दिला आहे तेथे छायाचित्रात उजळ भाग उमटतो. त्यामुळे झाकून टाकलेला चेहरा किंवा जागा बदललेला हात अचानक समोर येतो. अमेरिकेत हार्वर्ड विद्यापीठाच्या फॉग संग्रहालयात ॲलन बरोज याने १९२५ पासून अशा छायाचित्रांचा पद्धतशीर संग्रह केला आणि ही युक्ती एक अभ्यासशाखा बनली.

या शाखेची सर्वांत गाजलेली कसोटी हॉलंडमध्ये लागली. १९३७ साली प्रकाशात आलेले 'एमाउस येथील भोजन' हे चित्र श्रेष्ठ तज्ज्ञांनी योहानेस व्हर्मीर याचे म्हणून गौरविले होते. १९४५ मध्ये हान व्हान मेगेरेन याला शत्रूला राष्ट्रीय ठेवा विकल्याच्या आरोपावरून अटक झाली, तेव्हा ते आणि तशीच आणखी चित्रे आपण स्वतः रंगविल्याचे त्याने सांगितले. बेल्जियन रसायनज्ञ पॉल कोरमान्स याच्या नेतृत्वाखालील मंडळाने चित्रे तपासली. रंगांत विसाव्या शतकातील कृत्रिम राळ सापडली. आणि कापड सतराव्या शतकातील खरे, परंतु त्यावरचे मूळ चित्र खरवडून त्याजागी नवे रंगविलेले, असे क्ष-किरणांनी दाखविले. १९४७ मध्ये आरोपीला शिक्षा झाली. तज्ज्ञाची दृष्टी आणि पदार्थाची साक्ष यांत विरोध आला तर कोणाचे ऐकावे, हा प्रश्न त्या खटल्याने कायमचा उपस्थित केला.

क्ष-किरणांची एक मोठी उणीव होती. पूर्वरेखन बहुधा कोळशाचे किंवा काजळीच्या शाईचे असते. कार्बन हलका असल्यामुळे क्ष-किरण त्याला ओलांडून जातात आणि त्याची खूण उमटत नाही. ही उणीव अवरक्त किरणांनी भरून काढली. हे किरण पुष्कळशा रंगांतून पार जातात, पांढऱ्या अस्तरावरून परततात, परंतु कार्बनमध्ये शोषले जातात. म्हणून रंगाखालची काळी रेषा दिसू लागते. डच पदार्थविज्ञ फान आस्पेरेन दे बूर याने १९६० नंतरच्या दशकात या तंत्राला शास्त्रीय रूप दिले. तेव्हापासून चित्रकाराचा पहिला बेत, म्हणजे जणू त्याचा कच्चा मसुदा, वाचता येऊ लागला.

३. मूलद्रव्यांचे नकाशे

वरील दोन्ही तंत्रे आकार दाखवितात, द्रव्य सांगत नाहीत. द्रव्य सांगणारे तंत्र क्ष-किरणांच्या अनुस्फुरणावर उभे आहे. पदार्थावर क्ष-किरण पडले की त्यातील प्रत्येक मूलद्रव्य आपल्या ठराविक ऊर्जेचे किरण परत फेकते. ते मोजले की त्या बिंदूशी पारा आहे, तांबे आहे की शिसे, हे कळते. पूर्वी हे एकेका बिंदूवर करीत. आता यंत्र चित्रावरून ओळीओळीने फिरते आणि संगणक प्रत्येक मूलद्रव्याचा स्वतंत्र नकाशा काढतो. पारा दिसला तर हिंगुळाचा लाल, अँटिमनी दिसली तर नेपल्सचा पिवळा, असे तर्क मग बांधता येतात.

या तंत्राचे सामर्थ्य २००८ साली सर्वांच्या नजरेत भरले. व्हिन्सेंट व्हॅन गॉग याच्या १८८७ मधील गवताच्या एका चित्राखाली काहीतरी दडले आहे, हे जुन्या क्ष-किरण छायाचित्रावरून माहीत होते. पण आकृती धूसर होती. योरिस डिक, कून यान्सेन्स आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ते चित्र हाम्बुर्गच्या कणत्वरण केंद्रात नेले आणि साडेसतरा सेंटिमीटर लांबीरुंदीचा भाग दोन दिवस तपासला. पारा आणि अँटिमनी यांचे नकाशे जुळविल्यावर एका शेतकरी स्त्रीचे मस्तक, ओठांच्या आणि कपाळाच्या रंगांसह, उभे राहिले. पुढे हेच काम करणारी फिरती यंत्रे तयार झाली आणि चित्र संग्रहालयाबाहेर न नेता त्याची तपासणी होऊ लागली.

ग्रंथाच्या अभ्यासकाला याच तंत्राचे दुसरे उदाहरण अधिक बोलके वाटेल. आर्किमिडीजच्या ग्रंथांची दहाव्या शतकातील एक ग्रीक प्रत तेराव्या शतकात खरवडून तिच्या चर्मपत्रांवर प्रार्थनेचे पुस्तक लिहिले गेले होते. १९०६ मध्ये डॅनिश पंडित हायबर्ग याने त्यातील पुष्कळसा पुसट मजकूर डोळ्यांनी वाचला. नंतर ते पुस्तक नाहीसे झाले आणि १९९८ च्या लिलावात पुन्हा प्रकट झाले, तेव्हा त्याच्या काही पानांवर ख्रिस्ती संतांची चित्रे रंगविलेली आढळली. चित्रे जुन्या धाटणीची होती. परंतु त्यांत १९३८ पासून विक्रीस आलेला एक हिरवा रंग सापडला. म्हणजे ती विसाव्या शतकातील बनावट होती. स्टॅनफर्ड येथे २००५ पासून क्ष-किरणांच्या साहाय्याने त्या चित्रांखालच्या शाईतील लोहाचा नकाशा काढण्यात आला आणि दोन थरांखाली गेलेली अक्षरे वाचता आली. येथे चित्राचा थर आणि ग्रंथाचा पाठ हे एकाच पानावर, एकाच यंत्राने, एकाच वेळी तपासले गेले.

सर्वांत मोठा प्रयत्न ॲम्स्टरडॅमच्या राइक्स संग्रहालयात झाला. रेम्ब्रांटच्या १६४२ मधील 'रात्रीचा पहारा' या प्रचंड चित्राची तपासणी तेथे जुलै २०१९ मध्ये प्रेक्षकांसमोर, काचेच्या दालनात सुरू झाली. २०२२ च्या आरंभी ८४३९ छायाचित्रे जोडून केलेली ७१७ अब्ज बिंदूंची एक प्रतिमा प्रसिद्ध झाली. तिच्यातील दोन बिंदूंमधले अंतर मिलिमीटरचा दोनशेवा भाग आहे. ही छायाचित्रे जुळविणे मानवी हाताच्या आवाक्यातले नव्हते. ते संगणकानेच केले. त्यापूर्वी, डिसेंबर २०२१ मध्ये, कॅल्शियमच्या नकाशावरून एक महत्त्वाचा निष्कर्ष पुढे आला होता : रेम्ब्रांटने खडू मिसळलेल्या फिकट रंगाने प्रथम आराखडा काढला होता, आणि एका पहारेकऱ्याच्या शिरस्त्राणावर पिसे रंगवून नंतर ती झाकली होती. काळ्या रेषा शोधणाऱ्या अवरक्त किरणांना फिकट आराखडा सापडणे कठीण. तो मूलद्रव्याच्या नकाशाने दाखविला.

येथे एक सावधगिरीची सूचना करणे आवश्यक आहे. मूलद्रव्याचा नकाशा सर्व थरांची बेरीज असतो. पारा वरच्या थरात आहे की खालच्या, हे नकाशा आपोआप सांगत नाही. कॅल्शियम खडूमध्ये असते, तसेच हाडे जाळून केलेल्या काळ्या रंगातही असते. दुसऱ्या प्रकारात त्याच्याबरोबर फॉस्फरस असतो, म्हणून तो आहे की नाही हे पाहावे लागते. शिशाच्या बाबतीत त्याच्या कमी ऊर्जेच्या किरणांचे जास्त ऊर्जेच्या किरणांशी प्रमाण पाहतात, कारण वर दुसरा लेप असेल तर कमी ऊर्जेचे किरण त्यात अडकतात. अशा युक्त्या आहेत. पण त्या युक्त्या म्हणजे अनुमानाची साधने होत. नकाशा रंगीत आणि स्वच्छ दिसतो म्हणून तो प्रत्यक्ष प्रमाण ठरत नाही.

४. संगणक थर वेगळे करतो, ते कसे?

बेल्जियममधील गेन्ट येथील फान आइक बंधूंचे १४३२ साली पूर्ण झालेले वेदिचित्र ओकच्या अनेक फळ्यांवर रंगविलेले आहे. बाजूच्या फळ्या दारांप्रमाणे मिटतात, म्हणून त्या दोन्ही बाजूंनी रंगविलेल्या आहेत. अशा फळीचे क्ष-किरण छायाचित्र घेतले की पुढचे आणि मागचे अशी दोन्ही चित्रे एकमेकांत मिसळून उमटतात. आदमच्या देहावर पाठीमागच्या चित्राच्या रेषा उमटल्या तर तज्ज्ञालाही ती प्रतिमा वाचवत नाही.

२०१९ मध्ये लंडन आणि अमेरिका येथील संशोधकांनी आदम आणि हव्वा यांच्या फळ्यांवर एक नवी रीत वापरली. दोन्ही बाजूंची साधी रंगीत छायाचित्रे उपलब्ध होतीच. माणसाच्या मेंदूतील पेशीजालाच्या धर्तीवर रचलेल्या गणितजालाला, म्हणजे 'न्यूरल नेटवर्क'ला, असे काम दिले गेले की त्याने प्रत्येक रंगीत छायाचित्रावरून त्या बाजूचे क्ष-किरण चित्र कसे असेल ते रचावे. आणि रचलेल्या दोन चित्रांची बेरीज प्रत्यक्ष घेतलेल्या मिश्र छायाचित्राशी जुळावी. जुळेपर्यंत जाल स्वतःत सुधारणा करीत जाते. त्याला आधीची सुटी उदाहरणे दाखवावी लागत नाहीत. यातून मिळालेली दोन वेगळी चित्रे पूर्वीच्या कोणत्याही पद्धतीपेक्षा पुष्कळच स्वच्छ होती.

ही कामगिरी असाधारण आहे यात शंका नाही. परंतु तिचे तर्कशास्त्र नीट पाहिले पाहिजे. मिश्र छायाचित्रातील एखादी रेषा पुढच्या बाजूची की मागच्या बाजूची, हे जाल ठरविते ते दोन रंगीत छायाचित्रांच्या आधारे. जी रेषा पृष्ठभागावर दिसते तिच्याबाबत हा आधार भक्कम आहे. पण क्ष-किरण चित्र आपण घेतो ते मुख्यतः जे पृष्ठभागावर दिसत नाही त्यासाठी : झाकलेला हात, बदललेली कड, भरून काढलेले छिद्र. अशा गोष्टीला दोन्हींपैकी कोणत्याही रंगीत छायाचित्रात साक्षीदार नाही. जाल ती रेषा कोठेतरी टाकतेच, कारण बेरीज जुळली पाहिजे. मात्र ती कोणत्या बाजूला टाकावी याचे कारण तेथे सर्वांत दुबळे असते. म्हणजे ज्या ठिकाणी अभ्यासकाचे कुतूहल सर्वांत तीव्र, त्याच ठिकाणी यंत्राच्या उत्तराची विश्वासार्हता सर्वांत कमी. आणि उत्तराच्या दिसण्यावरून हा फरक कळत नाही. खात्रीचा भाग आणि अटकळीचा भाग सारख्याच स्वच्छ छटांनी उमटतात.

महाभारताच्या चिकित्सक आवृत्तीशी परिचय असलेल्या वाचकाला येथे एक गोष्ट आठवेल. पुण्याच्या भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिरात १९१९ मध्ये सुरू झालेले आणि १९६६ मध्ये पूर्णत्वास गेलेले ते कार्य विष्णु सीताराम सुकथनकर यांनी घालून दिलेल्या शिस्तीने चालले. त्या आवृत्तीत जो पाठ संपादकाला पुरेसा निश्चित वाटला नाही, त्याखाली नागमोडी रेषा काढलेली आहे. वाचकाला पान उघडताच कळते की येथे हस्तलिखितांची साक्ष अपुरी असून संपादकाने निवड केली आहे. संगणकाने वेगळ्या केलेल्या प्रतिमेत ही नागमोडी रेषा नाही. ती काढणे अशक्य आहे असे नव्हे. जालाचे उत्तर कोठे डळमळते हे मोजता येते. परंतु प्रसिद्ध होणाऱ्या चित्रांत ती खूण उमटविण्याचा प्रघात अद्याप पडलेला नाही.

'रात्रीचा पहारा' या चित्राच्या बाबतीत हा भेद चांगल्या रीतीने सांभाळला गेला. १७१५ मध्ये ते चित्र नगरभवनात हलविताना चारी कडांनी कापले गेले होते; डावीकडून गेलेली पट्टी सर्वांत रुंद, सुमारे ६० सेंटिमीटरची होती. हेरिट लुंडेन्स याने सतराव्या शतकात केलेली एक छोटी प्रतिकृती शिल्लक आहे. तिच्या आधारे संगणकाला रेम्ब्रांटची रंगशैली शिकवून हरवलेल्या पट्ट्या पुन्हा रचल्या गेल्या आणि २०२१ च्या जूनमध्ये त्या मूळ चित्राभोवती लावल्या गेल्या. त्या वेगळ्या छापलेल्या होत्या, मूळ रंगाला त्यांचा स्पर्श नव्हता आणि काही महिन्यांनी त्या काढून घेण्यात आल्या. दुय्यम प्रतीवरून साधलेला अनुमित पाठ कसा मांडावा, याचे हे सभ्य उदाहरण होय.

५. ड्रेस्डेनचा कामदेव

थर दिसणे आणि थराचा काळ कळणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे ड्रेस्डेन येथील व्हर्मीरच्या 'उघड्या खिडकीशी पत्र वाचणारी युवती' या चित्राच्या इतिहासावरून जितके स्पष्ट होते तितके क्वचितच दुसऱ्या उदाहरणावरून होईल. हे चित्र सुमारे १६५७ ते १६५९ या काळातील आहे. युवतीच्या मागे एक मोठी रिकामी भिंत होती. १९७९ मध्ये घेतलेल्या क्ष-किरण छायाचित्रात त्या भिंतीवर कामदेवाचे चौकटीतले चित्र उमटले. आता प्रश्न असा की ते झाकले कोणी? चित्रकार स्वतःच आपला बेत बदलतात हे पुष्कळदा दिसून आलेले असल्यामुळे, व्हर्मीरनेच तो झाकला असे दीर्घकाळ गृहीत धरले गेले. त्या गृहीतावर रसिकांनी आणि विद्वानांनी रिकाम्या भिंतीच्या शांततेचे आणि संयमाचे विवेचन उभारले.

२०१७ मध्ये चित्राची साफसफाई सुरू झाली, तेव्हा भिंतीवरचे रोगण इतर भागांपेक्षा निराळ्या रीतीने विरघळते असे आढळले. सूक्ष्म नमुने घेऊन त्यांचे छेद तपासण्यात आले. कामदेव आणि त्यावरची भिंत यांच्यामध्ये रोगणाचा आणि मळाचा थर निघाला. मळ साचावयास काळ लागतो. कामदेव रंगवून झाल्यावर त्यावर रोगण चढले, धूळ बसली, कित्येक दशके गेली आणि मग कोणी भिंतीचा रंग दिला, असा त्याचा अर्थ होता. व्हर्मीर १६७५ मध्ये निवर्तला. झाकणारा हात त्याचा असू शकत नव्हता. २०१८ मध्ये उपरिलेप काढण्याचा निर्णय झाला आणि सप्टेंबर २०२१ मध्ये कामदेवासह ते चित्र पुन्हा लोकांपुढे आले.

या प्रकरणात चाळीस वर्षे जो गैरसमज टिकला त्याचा दोष क्ष-किरणांना देता येत नाही. त्यांनी जे दाखवावयाचे ते १९७९ मध्येच दाखविले होते : येथे एक आकृती आहे. ती केव्हा झाकली हे त्यांनी सांगितले नव्हते. ते अभ्यासकांनी आपल्या पदरचे घातले. आणि शेवटचा निवाडा ज्या पुराव्याने केला तो मळाचा एक अत्यंत पातळ थर होता, जो आकृती शोधणाऱ्या कोणत्याही प्रतिमेत लक्ष वेधून घेणार नाही. हस्तलिखितांतही कित्येकदा असेच घडते. अक्षराच्या वळणापेक्षा शाईचा रंग, समासातली खूण, पानाच्या कडेची झीज यांवरून प्रक्षेपाचा काळ ठरतो.

६. शुद्धीच्या दोन रीती

आता लेखाच्या आरंभी उपस्थित केलेल्या तिसऱ्या प्रश्नाकडे वळू : मागाहून आलेला भाग ओळखल्यावर त्याचे काय करावयाचे?

मराठीच्या अभ्यासकांपुढे याची दोन आदर्श उदाहरणे आहेत. एकनाथांनी शके १५०६, म्हणजे इ. स. १५८४ मध्ये, ज्ञानेश्वरीची प्रत शुद्ध केली. पाठांतर आणि लेखन यांमुळे शिरलेले अपपाठ दूर करून त्यांनी ग्रंथ पुन्हा वाचनीय केला. आज महाराष्ट्रात जी ज्ञानेश्वरी वाचली जाते ती मुख्यतः त्यांच्या शुद्धीमुळे. परंतु काय काढले आणि काय ठेवले याची नोंद करण्याची त्या काळी प्रथा नव्हती. त्यामुळे नाथपूर्व पाठ कसा होता, हा प्रश्न पुढे शिल्लकच राहिला. वि. का. राजवाडे यांनी १९०९ मध्ये नाथपूर्व म्हणून एक प्रत छापली, तेव्हा तिच्या प्रामाण्याविषयी जो वाद उठला त्याचे मूळ या रिकाम्या जागेत आहे. दुसरी रीत सुकथनकरांची. त्यांनी प्रक्षिप्त ठरविलेले श्लोक मूळ पाठातून काढले, पण टाकले नाहीत. तळटीपांत आणि परिशिष्टांत, कोणत्या हस्तलिखितांत आढळतात या माहितीसह, जपून ठेवले. ज्याला संपादकाचा निर्णय मान्य नसेल त्याला तो बदलण्याची सामग्री त्याच ग्रंथात मिळते.

चित्राचा जीर्णोद्धारक, त्याची इच्छा असो वा नसो, पहिल्या रीतीने बांधलेला असतो. उपरिलेप खरवडला की तो संपला. तळटीपेत ठेवता येत नाही. गेन्टच्या वेदिचित्रात याचा धडा नोंदलेला आहे. १५५० च्या सुमारास मधल्या कोकराचे रूप रंगाने बदलण्यात आले होते. कोरमान्सच्या देखरेखीखाली १९५१ मध्ये झालेल्या कामात डोक्याभोवतीचा काही उपरिलेप काढला गेला, त्यामुळे मूळचे कान वर आले. पण उपरिलेपातले कानही राहिले. पुढे अनेक दशके ते कोकरू चार कानांचे दिसत होते. २०१२ मध्ये सुरू झालेल्या नव्या जीर्णोद्धारात मूलद्रव्यांचे नकाशे, अवरक्त प्रतिमा आणि छेद यांची एकत्र साक्ष घेऊन प्रथम थरांचा क्रम ठरविला गेला आणि नंतरच उपरिलेप दूर झाला. २०१९ च्या अखेरीस फान आइकचे, समोर रोखून पाहणाऱ्या डोळ्यांचे कोकरू प्रकट झाले. पुष्कळांना ते विचित्र वाटले. सोळाव्या शतकातील जीर्णोद्धारकालाही ते तसेच वाटले असावे असा तर्क करण्यास जागा आहे.

स्वयंचलित प्रतिमाविश्लेषणाचे खरे ऐतिहासिक महत्त्व येथे आहे. त्याने चित्राच्या अभ्यासकाला प्रथमच सुकथनकरांची रीत उपलब्ध करून दिली. एकही थर न काढता सर्व थर वाचता येतील, आणि काढावा लागलाच तर तो काढण्यापूर्वी त्याची पूर्ण नोंद ठेवता येईल, अशी ही सोय आहे. परंतु ही रीत नुसत्या यंत्राने येत नाही, तिच्यासोबत शिस्त यावी लागते. प्रस्तुत लेखकाच्या मते तिचे तीन नियम तरी मान्य व्हावेत. पहिला, यंत्राने दिलेल्या अंतिम प्रतिमेबरोबर मूळ मोजमापे आणि गणिताची रीत जतन व्हावी, कारण ती या क्षेत्रातली हस्तलिखिते होत. उद्याच्या संपादकाला निर्णय तपासावयाचा तर तीच लागतील. दुसरा, प्रतिमेत जेथे यंत्राने अटकळ केली तेथे नागमोडी रेषा असावी. तिसरा, झाकणाऱ्या थराचा काळ स्वतंत्र पुराव्याने ठरेपर्यंत तो काढू नये.

हा विचार आपल्यापासून दूरचा नाही. अजिंठ्याच्या नवव्या आणि दहाव्या लेण्यांत सातवाहनकाळातील चित्रे आणि त्यांवर कित्येक शतकांनी काढलेली चित्रे एकाच भिंतीवर आढळतात. १९२० नंतर निजाम सरकारने बोलाविलेल्या इटालियन तज्ज्ञांनी, लोरेन्झो चेक्कोनी आणि त्याच्या सहकाऱ्याने, सुटलेले पोपडे बसविले आणि चित्रांवर लाखेचे रोगण दिले. ते रोगण पुढे पिवळे पडले आणि भारतीय पुरातत्त्व खात्याच्या रसायनज्ञांना ते उतरविण्याचे दीर्घ काम करावे लागले. म्हणजे तेथील भिंतीवर प्राचीन चित्र, त्यावरचे चित्र, धूर, विसाव्या शतकाचे रोगण आणि त्याची सफाई असा पाठांचा मोठा क्रम आहे. भिंतीमागे सह्याद्रीचा खडक असल्यामुळे आरपार जाणारे क्ष-किरण छायाचित्र तेथे घेता येत नाही. परंतु समोरून परतणाऱ्या किरणांवर चालणारी तंत्रे, म्हणजे अवरक्त प्रतिमा आणि अनुस्फुरणाचे नकाशे, त्या भिंतीसमोर वापरता येण्याजोगी आहेत. त्यांच्या साहाय्याने निघणारे नकाशे वाचावयास रसायनज्ञाबरोबर बौद्ध कथांचा, शिलालेखांच्या लिपीचा आणि संस्कृत चित्रविषयक परिभाषेचा जाणकारही बसला पाहिजे, कारण कोणती रेषा कोणत्या कथेची हे मूलद्रव्य सांगणार नाही.

यंत्र थर दाखविते. त्यांचा क्रम साक्षीपुराव्याने लावावा लागतो. आणि क्रमाचा अर्थ इतिहास जाणणाऱ्यालाच सांगावा लागतो. या तीन पायऱ्या वेगळ्या ओळखणे हाच पाठचिकित्सेचा जुना धडा आहे. ग्रंथांच्या बाबतीत तो शिकण्यास आपल्याला पुष्कळ काळ लागला. चित्रांच्या बाबतीत तितका काळ घेण्याची सवलत नाही, कारण चुकीने पुसलेला श्लोक दुसऱ्या एखाद्या प्रतीत सापडू शकतो. चुकीने पुसलेल्या रंगाची दुसरी प्रत नसते.